गणानंतर वग लागणारच

वाचनालयाच्या मासिक बैठकीत ते गाणं वाजलं तेव्हा मोबाइल स्टीलच्या तांब्यात ठेवला होता. आवाज घुमावा म्हणून भाच्याची ही युक्ती. भाचा लातूरला नीटच्या क्लासला असतो, शनिवारी नांदेडच्या एसटीत बसून चाकूरला उतरतो आणि रविवारी संध्याकाळी परत जातो. त्या शनिवारी त्यानं आधी गाण्याचा अर्थ मराठीत सांगितला, मग गाणं लावलं. पंधराएक माणसं बसलेली, बहुतेक पेन्शनीतली. गाणं संपलं, तांब्यातून मोबाइल निघाला, तरी कुणी काही बोलेना. मग सर बोलले.

सर म्हणजे ज्यांनी तालुक्याच्या दोन पिढ्यांना मराठी शिकवलं ते. मला वृत्तं त्यांनीच शिकवली, तीही छडी घेऊन. त्यामुळं त्यांच्याविरुद्ध लिहायला बसलं की अजून तळहात हुळहुळतो. बैठकीत ते जे बोलले ते नंतर त्यांनी दोन फुलस्केप कागदांवर लिहून काढलं आणि फोटो ग्रुपवर टाकले. धडाधड अंगठे पडले. म्हणून हा प्रपंच.

सरांचं म्हणणं थोडक्यात असं. रॅप म्हणजे यमकांची कसरत, आणि कसरतीत गोष्ट मरते. हे दोघे भाऊ वर्षानुवर्षं कोकेनच्या धंद्याची फुशारकी मारत आले. आता पन्नाशीला टेकल्यावर आईबापांच्या मरणाचं एक गाणं पुढं लावायचं आणि मागं पुन्हा तेच पुड्यांचं पुराण चालू ठेवायचं, ही लबाडी आहे. इतक्या वर्षांनी परत येणं हा तर बाजाराचा जुनाच डाव. आणि एवढं करून चाकूरच्या माणसाला याचं काय?

आधी माणसं कोण ते सांगतो, कारण सरांच्या दोन्ही कागदांत त्यांची नावंसुद्धा नाहीत. जीन आणि टेरेन्स थॉर्न्टन, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचमध्ये वाढलेले सख्खे भाऊ. गाण्यातली नावं मॅलिस आणि पुशा टी, जोडीचं नाव क्लिप्स. २००२ साली त्यांचं 'ग्राइंडिन' गाजलं. त्यात वाद्य म्हणावं असं जवळजवळ काही नाही, नुसते ठोके. तिकडच्या शाळांत पोरं जेवणाच्या टेबलावर मुठी आपटून ते वाजवायची. त्या वर्षीचा अल्बम, मग २००६ चा, मग २००९ चा, आणि दुकान बंद. २००९ सालीच त्यांचा जुना व्यवस्थापक अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडला गेला, पुढं त्याला ३२ वर्षांची शिक्षा लागली. थोरला धर्माकडं वळला. २०१२ मध्ये त्यानं नाव बदलून नो मॅलिस केलं. मॅलिस म्हणजे मनातला दुष्टावा. तो आपण सोडला, असं त्याला सांगायचं होतं. धाकटा एकटाच गात राहिला. मग काही महिन्यांच्या अंतरानं आधी आई गेली, मागोमाग वडील गेले. ११ जुलै २०२५ ला 'लेट गॉड सॉर्ट एम आउट' आला, तेरा गाण्यांचा, आणि थोरल्यानं नावापुढचा 'नो' काढून टाकला होता. आम्ही तांब्यात ऐकलं ते त्यातलं पहिलं गाणं, 'द बर्ड्स डोन्ट सिंग'.

आता यमक. सर, हे तुम्ही म्हणावं? ज्यांनी आम्हाला मोरोपंत पाठ करायला लावले त्यांनी? बारामतीच्या पंतांनी यमकासाठी काय करायचं शिल्लक ठेवलं होतं? शब्द मोडला, जोडला, उलटा केला. रामायणं एकशे आठ तऱ्हांनी लिहिली, त्यात एक निरोष्ठ, म्हणजे प-फ-ब-भ-म वर्ज्य, ओठाला ओठ न लावता म्हणायचं. भर वर्गात आमच्या ओठांवर बोट ठेवून ते तुम्ही तपासलं होतं. यापेक्षा मोठी कसरत कुठली? आणि त्याच पंतांनी आर्येत सबंध भारत सांगितलं. काही ठिकाणी त्यांच्या यमकानं गोष्टीचा गळा धरला, हेही खरं. त्या आर्या तुम्ही शिकवताना गाळायचात. मग रॅपवाल्याचंही कडवं कडवं तपासा की. सरसकट धोपटायचं कशाला?

तपासायला मी थोरल्याच्या भागातली एकच जागा घेतो. तो बापाविषयी सांगतोय. माझा बाप असा, माझा बाप तसा, अशी ओळीमागून ओळ एकाच शब्दावर सुरू होते, जात्यावरच्या ओवीत बाई भावाचं किंवा बापाचं नाव पुन्हा पुन्हा घेते तशी. बापानं शिस्त लावली, दुप्पट पाळ्या केल्या, आपण सोसलं ते पोरांपर्यंत येऊ दिलं नाही. मग येतो तो शब्द: बेस. इंग्रजीत बेसबॉलच्या खेळावरून एक बोलणं आहे, सगळे बेस सांभाळले म्हणजे कुठं काही कमी पडू दिलं नाही. आणि ओढण्यासाठी तयार केलेल्या कोकेनलाही बेसच म्हणतात. सगळे बेस सांभाळणाऱ्या बापाला एक दिवस घरातल्या कपाटात बेस सापडतो. शब्द तोच, अर्थ फिरला, आणि त्या फिरण्यात बाप कोसळला. इथं यमकानं गोष्ट मारली का? उलट, हा श्लेष काढून घ्या, गोष्टीचा कणाच निघून जाईल. मराठीत हे आणता येत नाही, मी दोन दिवस खटपट केली. न येण्याचं कारणच हे की कारागिरी आणि कहाणी तिथं एका टाक्यानं शिवलेली आहे.

तुम्ही म्हणाल, एक जागा दाखवलीत. रॅपमध्ये गोष्ट ही नवलाई नाहीच मुळी. स्लिक रिक नावाच्या, एका डोळ्यावर पट्टी लावणाऱ्या गड्यानं १९८८ साली काकानं झोपताना पोरांना गोष्ट सांगावी तसं गाणं केलं: वाटमारीला लागलेला पोरगा, पाठलाग, शेवट. तुरुंगवास भोगून आल्यावर १९९९ मध्ये त्यानं अल्बमला नावच दिलं 'द आर्ट ऑफ स्टोरीटेलिंग'. गोष्ट सांगण्याची कला. दावा करायचा तर असा उघड.

धाकट्याच्या भागाबद्दल मात्र मला वाद घालायचा नाही, वेगळंच काही सांगायचं आहे. त्यात तो आईला उद्देशून बोलतो. त्या दिवशी भेटलो तेव्हा तू तुझे बेत सांगत होतीस. बाबांना म्हणालीस, आपण वेगळे व्हायला नको होतं. तू यादीतली एकेक गोष्ट उरकत होतीस आणि मी त्याच वेळी फोनवर माझं नाव कोण कुठं घेतंय ते बघत होतो. इथंही दोन कामांना क्रियापद एकच आहे. तू मला न सांगता मरत होतीस, असं तो पुढं म्हणतो.

माझी आत्या वडवळ नागनाथला दिलेली. बेटावरच्या औषधी झाडपाल्यासाठी लोक जिथं येतात ते वडवळ. शेवटच्या वर्षी तिनं एक दिवस नाव टाकायच्या मशीनवाल्याला घरी बोलावलं आणि माळवदावरची सगळी भांडी खाली काढली. कुणाला कोणतं भांडं ते तिचं ठरलेलं होतं. थोरल्या पुतणीला हंडा, धाकटीला घंगाळ, सुनांना पातेल्यांचे संच, मला परात. मी त्या दिवशी तिथंच होतो, बाजेवर पडून मोबाइलमध्ये सोयाबीनचा भाव बघत. मशीनचा टर्रर्र आवाज दिवसभर चालू होता आणि मी दोनदा ओरडलो, की आत्या, किती वेळ हे, डोकं उठलं. म्हातारीला आवराआवरीचं वेड लागलंय असं आम्ही आपसांत हसलो. ती दीड महिन्यानं गेली. माझ्या परातीवर माझं नाव आहे, खाली तारीख आहे, आणि त्याखाली 'सप्रम भेट'. मशीनवाल्यानं मात्रा खाल्ली. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं तपासलं नाही. मला येत होतं, पण मी तिकडं बघितलंच नाही.

तांब्यातून ते गाणं ऐकताना मला मशीनचा आवाज आला, सर. तुम्ही विचारलंत, चाकूरच्या माणसाला याचं काय. ते हे.

थोरला बापाचं मरण कसं सांगतो तेही बघा. अंगणात गाडी उभी आहे, म्हणजे बाप घरी आहे. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. तिसऱ्या थापेला अंगात थंडी भरली. आभाळ फाटलं नाही, छत्र हरपलं नाही, काळानं घाला घातला नाही. गाडी, दार, तीन थापा. आणि गाण्याच्या शेवटाकडं बापाच्या फोनचा कुलूपशब्द निघतो, तो आपल्या दोन पोरांवरच्या मायेचा. आमच्याकडं दशक्रियेला छापलेल्या पत्रिकांत याच्या शंभरपट मोठे शब्द असतात आणि मेलेला माणूस त्यात कुठंच नसतो.

आता लबाडीचा आरोप. पहिलं गाणं आईबापांचं आणि पुढं धंद्याच्या फुशारक्या, असा तो. सर, यात्रेत तमाशाचा फड लागला की उपरणं डोक्यावरून घेऊन मागच्या रांगेत कोण बसायचं ते गावाला ठाऊक आहे. तमाशात पहिल्यांदा काय असतं? गण. गणपतीला हात जोडतात, गुरूंची, शाहिरांची नावं घेतात, आणि ते खरं असतं. मग गवळण येते, मावशी येते, पेंद्या येतो, आचकटविचकट बोलणं होतं, बतावणी होते, मग वग लागतो आणि त्या वगात खून, लबाडी, राजाची बायको, सगळं असतं. वगात शिवी आली म्हणून गण खोटा होता असं आजवर कुणी म्हटलंय का? या दोघांनी अल्बमचा गण आईबापांच्या नावानं म्हटला. पुढं जे गातील ते ज्या धंद्यात ते वाढले त्याचंच गातील. दुसरा वग त्यांच्याकडं नाही. आणि गोम अशी, की तुम्ही त्यांच्यावर ठेवलेला मुख्य आरोप त्या गणातच नोंदवलेला आहे. कपाटात सापडलेली वस्तू कुणाची होती? आपल्या फुशारकीची किंमत बापानं मोजली, हे पोरगा पहिल्याच गाण्यात कबूल करतो आणि मग पुढची बारा गाणी ऐकायला बसवतो. ती ऐकताना कपाटाचं दार मनात उघडंच राहतं. मला तरी ही लबाडी वाटत नाही.

सगळा अल्बम मी डोक्यावर घेतलेला नाही. घड्याळं, गाड्या आणि कपड्यांच्या कंपन्या मोजत बसावं अशी कडवी त्यात भरपूर आहेत. बरंचसं ध्वनिमुद्रण पॅरिसला लुई व्हिटॉनच्या कचेरीत झालं, कारण संगीतकार फॅरल विल्यम्स तिथं पुरुषांच्या कपड्यांचा प्रमुख आहे. त्या अत्तराचा वास काही गाण्यांना येतो आणि ती मी पुढं ढकलतो. 'सो बी इट'मध्ये सौदी गायक तलाल मद्दाह यांच्या जुन्या गाण्याचा तुकडा वापरलाय, तो मात्र भाचा गेला तरी कानातून जात नाही.

बाजाराचं म्हणाल तर धाकट्यानं जाहीरपणे सांगितलेली हकीकत अशी. एका गाण्यात केंड्रिक लमारचं कडवं आहे. कंपनीला ते खटकलं, कापा-बदला म्हणाली. यांनी कडवं ठेवलं आणि कंपनी सोडली. त्याचीही पुढं जाहिरात झालीच, नाही म्हणत नाही. पण निव्वळ दुकानदार असता तर त्यानं कात्री चालवली असती आणि माल वेळेवर काढला असता.

आणि परत येण्याला एवढं नाक मुरडायचं कारण काय? सोलापूरच्या रामजोशींनी डफही वाजवला आणि वीणाही धरली. लावण्या त्यांच्याच, आणि मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव पोचवणारेही तेच. व्ही. शांतारामबापूंनी १९४७ साली त्यांच्यावर सिनेमा काढला तो या ओढाताणीला भुलूनच. थोरला थॉर्न्टन त्याच वाटेवरचा. डफ ठेवला, वीणा घेतली, मग पुन्हा डफाकडं हात गेला. फरक एवढाच, की तो का गेला ते त्यानं गाण्यात सांगितलं: पुन्हा रॅप करू का, असं बापाला विचारलं आणि बापानं आशीर्वाद दिला. ज्या बापाला कपाटात ती वस्तू सापडली होती त्याच बापानं. कुणी परत आलं की मी एवढंच बघतो, मधल्या वर्षांचा हिशोब दिला की नाही. यानं दिला.

सरांनी बैठकीत एक टोमणाही मारला होता, की मराठीत असं काही असेल तर दाखवा. दाखवतो, पण घाई करू नका. मराठी रॅपला परत यायला आधी लांब जावं लागेल, आणि त्याचं अजून तेवढं वय झालेलं नाही. आरेच्या जंगलातल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन स्वदेसी या मुंबईच्या मंडळीनं २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' केलं. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेनं २०२३ मध्ये राजकारणातल्या खोक्यांवर गाणं केलं तर अंबरनाथच्या पोलिसांत गुन्हा दाखल झाला. शाहिराला हा मान पूर्वीपासून आहे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर जातीवर बोलतो. परत येण्याचंच उदाहरण हवं तर कुर्ल्याचा नेझी आहे, हिंदी-उर्दूत गाणारा. २०१४ साली आयपॅडवर 'आफत' करून तो पुढं आला, मधे गप्प झाला आणि २०२० ला 'मगरेब' घेऊन परतला. बाकी आमच्याकडची बरीच पोरं अजून छाती ठोकण्यात आहेत, महाराजांचं नाव, मिशी, बुलेट. त्यांच्यावर तुमचा राग असेल तर मीही तुमच्या बाजूला उभा राहतो. त्यांना माझं सांगणं एवढंच असतं, की अण्णाभाऊंनी छक्कड करताना गावाकडं राहिलेल्या मैनेपासून, म्हणजे बायकोपासून सुरुवात केली आणि बेळगाव-कारवारपर्यंत जाऊन पोचले. आधी मैना, मग महाराष्ट्र. ती उलट्या टोकाकडून धावतात आणि मैनेपर्यंत पोचतच नाहीत.

हे लिहू की नको असं करत कागद दोनदा बाजूला ठेवला. पण वाद तुम्ही काढलात, सर. तुमचा पहिला कवितासंग्रह आला तेव्हा मी शाळेत पाऊलही टाकलं नव्हतं, दुसरा आला तो तुम्ही निवृत्त झाल्यावर. मधे वीसहून जास्त वर्षं. म्हणजे परत येणारे तुम्हीही आहात. दुसरा संग्रह माझ्याकडं तुमच्या सहीचा आहे आणि मी तो तीनदा वाचलाय. त्यात क्षितिज आहे, अंतर्यामी आहे, काळोखाचे बरेच प्रकार आहेत. १९९३ नाही.

मी तेव्हा नववीत होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. तुम्ही ट्रकमध्ये बसून किल्लारीकडं गेलात, आठ-दहा दिवसांनी परत आलात आणि वर्गात त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाहीत. तुम्ही आम्हाला एकच गोष्ट सांगितलीत. एका गावात घर नावाचं काही उरलं नव्हतं, नुसता दगडमातीचा ढीग, आणि त्या ढिगाच्या कडेला खुंटीला म्हैस बांधलेली होती, धड. कास तटतटलेली, धार काढायची वेळ होऊन गेलेली. ती हंबरत होती आणि ढिगाकडं तोंड करून उभी होती. मग तुम्ही बादली शोधलीत, ती सापडली नाही, म्हणून जमिनीवरच धार काढलीत. मातीत दूध. त्यानंतर तुम्ही खडू उचललात आणि समास शिकवायला लागलात.

बत्तीस वर्षं झाली. त्या वर्गातला कुणीही ती म्हैस विसरलेला नाही. परवा पुण्याहून एकाचा फोन आला तर त्यानंही तिचीच आठवण काढली. तुमच्या संग्रहात ती नाही. तिथं आहे विनाशाचं तांडव. ज्याला गाडी, दार आणि तीन थापा यांतली ताकद कळत नाही असा माणूस ती म्हैस सांगूच शकला नसता, म्हणून तुमचे ते दोन फुलस्केप मी मनावर घेत नाही. तुम्हाला रॅप आवडला नाही हे खरं असेल, पण गोष्ट कशी सांगतात हे तुम्हाला कळत नाही यावर माझा विश्वास नाही.

भाचा या शनिवारी पुन्हा येतोय. त्याला म्हशीची गोष्ट तुमच्या तोंडून हवीय, मोबाइलवर धरून ठेवायला. बैठक साडेपाचला आहे. तांब्या मी आणतो.